एकेचाळीस नावांची वही

वल्लरीने वही फ्रीजरमध्ये ठेवली, तिच्यावर फ्रोझन पराठ्यांची तीन पाकिटं रचली आणि दार लावलं. मग पुन्हा उघडलं. वहीचा निळा कोपरा पाकिटांखालून डोकावत होता. तिने मटारची पिशवी त्याच्यावर आडवी टाकली आणि दार दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"काय लपवतेयस?" यतीनने मागून विचारलं.

"काही नाही."

"काही नाही ते फ्रीजरमध्ये कशाला लागतं?"

ती काही बोलणार तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. व्हर्जिनियाचा नंबर होता. रॅपिड सिटीत सकाळचे साडेआठ, म्हणजे हर्नडनला साडेदहा. हेड ऑफिसात मनोहरकाकांचा दुसरा चहा झालेला असणार.

मनोहरकाका कंपनीत बडे मॅनेजर होते, पण त्याआधी ते यतीनच्या मामांचे वर्गमित्र होते. वल्लरीला ही नकाशे काढायची नोकरी त्यांच्याच शब्दावर मिळाली होती. दर दिवाळीला त्यांच्या घरून चकल्यांचा डबा पार्सलने यायचा. इतक्या लांबच्या प्रवासात अर्ध्या चकल्यांचा भुगा व्हायचा आणि हे दोघं तो भुगा दह्यात कालवून खायचे. अशा माणसाला नाही म्हणायचं म्हणजे जिभेला काटे फुटतात.

"गुड मॉर्निंग वल्लरी! अगं, तुझ्या साहेबाचा, डगचा मेल आलाय. त्या पहिल्या मीटिंगच्या नावांची लिस्ट तुझ्याकडे आहे म्हणे. मराठीत लिहिलीयस?"

"हो काका. माझ्यापुरती लिहिली होती. एकदम रफ."

"मग प्रॉब्लेम काय आहे? पानं स्कॅन कर आणि पाठव मला. मी वाचून टाइप करून देतो. पंधरा मिनिटांचं काम."

"अक्षर फार वाईट आहे, काका."

"अगं, डॉक्टरचा मुलगा आहे मी. बाबांची प्रिस्क्रिप्शन्स वाचत मोठा झालोय." ते मोठ्याने हसले. मग आवाज खाली आला. "हे बघ, आपण इथे पाहुणे. सरकारचं आणि इथल्या मूळ रहिवाशांचं भांडण दीडशे वर्षांचं आहे. आपण नकाशे काढायचे आणि संध्याकाळी घरी यायचं. तुझं फोर-एटी-फाइव्ह पेंडिंग आहे ना?"

"हो."

"किती दिवस झाले?"

"एकोणसत्तर."

"मग झालं तर. गुरुवारी हिअरिंग आहे. त्याच्या आत पाठव."

झालं तर म्हणजे काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. ऑगस्टात दोघांचे ग्रीन कार्डचे अर्ज, तेच फोर-एटी-फाइव्ह, गेले होते. अर्ज जाऊन एकशे ऐंशी दिवस झाले की दुसरीकडे नोकरी धरता येते. त्याच्या आत कंपनीने नुसती पाठ फिरवली तरी सगळं कोसळतं, आणि सगळं म्हणजे यतीनचं वर्क परमिटसुद्धा. पुण्यात दहा माणसांची टीम चालवणारा यतीन दोन वर्षं घरी बसून भांडी घासत होता आणि रोज दुपारी टपालपेटी उघडून बघत होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो रोज एक फुली मारायचा.

"स्कॅन कर आणि मोकळी हो," सगळं ऐकून तो म्हणाला. "नावंच तर आहेत."

"नावंच आहेत, पण त्यांनी ती मला सांगितली होती, डगला नाही."

"वल्लरी, प्लीज." तो ओट्याला टेकला. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो घाबरलेला दिसत होता. "एकशे ऐंशी होऊ देत. मग तुला काय करायचं ते कर. तोपर्यंत तोंडातून ब्र काढू नकोस."

वल्लरीने फ्रीजर उघडून वही बाहेर काढली. पुठ्ठा गार पडला होता. तिने ती ओढणीने पुसली, पर्समध्ये टाकली आणि ऑफिसला जाते म्हणून गाडीची किल्ली उचलली. ऑफिस डावीकडे होतं. ती उजवीकडे वळली.

चूक तिचीच होती, आणि ती चूक फक्त तिच्यासारखीच करू जाणे.

सप्टेंबरात, लाकोटा या मूळ अमेरिकन टोळीच्या रिझर्व्हेशनवर, शाळेच्या जिममध्ये कंपनीने सरकारच्या वतीने पहिली मीटिंग घेतली होती. एका लांब टेकडीच्या पायथ्याशी सरकारला युरेनियम शोधायला साठ चाचणी-बोअर मारायचे होते. जमीन टोळीची, पण सरकार तिचं विश्वस्त. विश्वस्ताने आधी विचारावं असा कायदा होता आणि विचारल्याचा पुरावा म्हणजे हजेरीचा कागद. तो कागद वल्लरीने दाराजवळच्या टेबलावर मांडला होता, शेजारी चार पेनं आणि सँडविचचे खोके.

एकेचाळीस माणसं आली. एकेकाने कागद वाचला, पुढच्याकडे सरकवला आणि आत जाऊन बसला. तासाभराने कागद फिरून तिच्याकडे आला तेव्हा तो कोरा करकरीत होता. सँडविचलाही कुणी हात लावला नव्हता. उलट त्यांच्यातल्याच बायकांनी आणलेलं सूप आणि तळलेल्या पावाच्या परड्या निघाल्या, आणि आधी कंपनीच्या माणसांना वाढलं गेलं. वल्लरी मांस खात नाही हे न सांगताच कळून एका म्हातारीने तिच्यापुढे नुसता पाव आणि रानबोरांसारख्या कसल्याशा फळांचा गोड रस ठेवला.

जेवणं झाल्यावर एकेक माणूस उभा राहून आपली ओळख सांगू लागला. आधी लाकोटा नाव, मग इंग्रजी, मग आपण कुणाचे नातू, कुणाचे भाचे. वल्लरीच्या वर्ध्याच्या घरी पाहुण्याला दुसऱ्या भेटीत नावानिशी हाक मारली नाही तर तो अपमान समजत. लग्नघरात आई तिच्या हाती वही द्यायची आणि कोण कुणाचा कोण ते टिपून ठेवायला सांगायची. तो हात आपोआप चालला. लाकोटा नावं इंग्रजीत नीट उतरेनात, म्हणून तिने ती देवनागरीत लिहिली, आणि खुणेसाठी पुढे दोन शब्द: लोकरी टोपी, गुडघा दुखतो. व्हर्नाची शेजारीण, हसते छान. कुणाचं नाव चुकू नये, एवढीच तिची इच्छा होती.

परतीच्या वाटेवर डगने तिच्या मांडीवरची वही पाहिली.

"हे काय आहे?"

"आलेल्यांची नावं," ती भाबडेपणाने म्हणाली.

डगने स्टिअरिंगवर थाप मारली. "वल्लरी, तू आपल्याला वाचवलंस!"

वाचवलंस म्हणजे काय, ते तिला मागच्या आठवड्यात अहवालाचा मसुदा हाती आल्यावर कळलं. त्यात एक ओळ होती: जे सभेस उपस्थित होते आणि ज्यांनी तीस दिवसांत लेखी हरकत नोंदवली नाही, त्यांची हरकत नाही असे समजण्यात येईल. जगातली यच्चयावत सरकारं ही ओळ एकाच शाळेत शिकत असावीत. टोळीच्या कौन्सिलने कडक विरोधाचा ठराव पाठवला होता, पण तो वेगळ्या परिशिष्टात गेला होता. स्थानिक रहिवाशांच्या रकान्यात नावं हवी होती, आणि ती आता फक्त या निळ्या वहीत होती.

सभेत तिला पाव वाढणाऱ्या म्हातारीचं नाव व्हर्ना गुड शील्ड. सगळे तिला उन्ची म्हणत, म्हणजे आजी. त्या सकाळी वही घेऊन वल्लरी तिच्याकडे पोचली तेव्हा ती घराबाहेरच्या हातपंपाखाली प्लास्टिकचे कॅन भरत होती. वारा इतका होता की पंपातून पडणारं पाणी तिरपं होत होतं. वल्लरीने न विचारता पंपाचा दांडा हाती घेतला. वर्ध्याला हापसलेलं इथे कामाला आलं.

"या पंपावर अकरा घरं आहेत," व्हर्ना म्हणाली. "बोअर मारल्यावर हे पाणी प्यायचं की नाही, ते कोण सांगणार, हे मी तुझ्या साहेबाला विचारलं होतं. तो म्हणाला, अहवाल येईल."

"उन्ची, मी तुम्हाला एक सांगायला आलेय."

"मग सांग."

वल्लरीने सांगितलं. सांगताना तिने पंप थांबवला नाही.  वही, डग, हेड ऑफिसातले काका, ती ओळ, गुरुवार. कॅन भरून वाहू लागला तरी तिला कळलं नाही. व्हर्नाने तिचा हात धरून दांडा थांबवला.

"तू लिहीत होतीस ते मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, पत्र लिहितेस घरी."

"तुम्ही मला थांबवलं का नाही?"

"तू पाहुणीसारखी विचारत होतीस. पाहुणीला नाव सांगायचं नाही, तर कुणाला सांगायचं?"

म्हातारी उलट्या बादलीवर बसली. टेकडी तिच्या पाठीमागे होती. पिवळ्या गवताची, लांबलचक, आणि वरच्या अंगाला कुंपणाआड कबरींचे पांढरे ठिपके. तिथे तिचा नवरा होता, दोन मुलं होती.

"माझ्या पणजोबांचं नाव एका जुन्या कागदावर आहे," ती म्हणाली. "त्या वेळी साहेबाचा कारकून नाव लिहायचा आणि माणसाने नुसतं पेनला बोट लावायचं. झाली सही. तसे डोंगर गेले आमचे. पण पणजोबांनी बोट लावलंच नव्हतं. ते त्या दिवशी बहिणीला पुरायला गेले होते, चार दिवसांच्या वाटेवर. नाव मात्र आहे. माझ्या आईने तो कागद पाहिला होता. ती म्हणायची, लिहिलं याचं तिला एवढं वाईट वाटत नाही. ते खोलीत नसताना लिहिलं, याचं वाटतं."

वल्लरीने भरलेल्या कॅनचं झाकण लावलं. तिला रडू येत होतं आणि रडण्याची लाजही वाटत होती, कारण टेकडी तिची नव्हती.

"जाळू का वही?" तिने विचारलं.

"तुझी नोकरी जाईल?"

"हो. आणि देशही. नवऱ्याचं सगळंच."

 व्हर्नाने उठून एक कॅन उचलला. "मी तुला जाळ म्हणणार नाही. राख झाली तरी तुझे काका दुसरं काहीतरी लिहितील. आणि पोरी, तुझ्याकडून काही मागायला मी कोण? तू घाबरलीयस. मीही घाबरलेय. चल, आधी पाणी आत नेऊ."

दोघींनी मिळून सहा कॅन आत नेले. 

मंगळवारी वल्लरीने डगला गाठलं. आपल्याला काय करायचं आहे ते तिचं तिलाच पुरतं माहीत नव्हतं. मनोहरकाकांना पानं पाठवायची नाहीत, एवढंच पक्कं होतं.

"लाकोटा नावांचे उच्चार काकांना जमणार नाहीत," ती म्हणाली. "मी ऐकलेत. सुनावणीत मीच यादी वाचते. रेकॉर्डवर बरोबर जाईल."

डग खूश झाला. तो वाईट माणूस नव्हता. वाढदिवसाला केक आणायचा, बर्फात कुणाची गाडी अडकली तर स्वतः फावडं घेऊन जायचा. "मी मनोहरला कळवतो," तो म्हणाला. "तू कमालीची आहेस."

पुढचे दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. यतीनने विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगितलं: नावं मीच वाचणार आहे. त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली. ती तिने निम्मी ताटात ठेवली.

गुरुवारी जिममध्ये पुन्हा खुर्च्या मांडल्या होत्या, बास्केटबॉलच्या रिंगेखाली लांब टेबल, टेबलामागे सुनावणी अधिकारी आणि त्यांच्या शेजारी एक पिकल्या केसांची स्टेनोग्राफर, तिचं छोटं यंत्र पुढ्यात घेऊन. खुर्च्या भरल्या होत्या. मागे भिंतीलगतही माणसं उभी होती. दारापाशी दोन पोलीस होते. ते कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही.

नियम साधा होता. टोळीतर्फे दोन वक्ते, प्रत्येकी तीन मिनिटं. दोघं बोलले. दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यावर असताना अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे बोट केलं. मागे एक बाई उठून काही म्हणू लागली तेव्हा अधिकारी सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, तोंडी निवेदनांची वेळ संपली आहे." पोलिसांपैकी एक जण भिंतीपासून दूर झाला. ती बाई खाली बसली.

"आता आधीच्या सभेची उपस्थिती रेकॉर्डवर घेऊ," अधिकारी म्हणाले.

डगने वल्लरीला मान हलवून खूण केली.

माईक दहा पावलांवर होता. वल्लरी घाबरली होती. परीक्षेआधी वाटते तसली ती भीती नव्हती.  कुणी मागून हाक मारली असती तर ती पळाली असती. पण कुणी हाक मारली नाही. तिने वही उघडली. पहिलं नाव तिच्याच अक्षरात, तिच्याच भाषेच्या लिपीत, तिच्याकडे बघत होतं.

"वेंडेल टू लान्स," तिने वाचलं, आणि त्याआधीचं लाकोटा नावही, सावकाश, जसं त्याने सांगितलं होतं तसं.

पुढच्या नावावर बोट ठेवूनही ती वाचेना. माणसाकडे बघितल्याशिवाय त्याचं नाव घ्यायचं नाही, एवढं तिने गाडीत ठरवलं होतं. याहून मोठा बेत तिच्याकडे नव्हता. तिने मान वर केली आणि वेंडेलची लोकरी टोपी शोधू लागली. टोपी तिसऱ्या रांगेत होती. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ती थांबली, तसा तोही थांबला. मग त्याने पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून दुखरा गुडघा सरळ केला आणि उभा राहिला.

"हिया," तो म्हणाला.

स्टेनोग्राफरने मान वर केली. "सर, याचा अर्थ?"

"नाही. माझं उत्तर नाही असं आहे."

यंत्राच्या कळा टिकटिकल्या. ती बाई राज्याच्या राजधानीतून आली होती, तिचं टेकडीशी देणंघेणं नव्हतं. समोर जे बोललं जाईल ते लिहायचं, एवढं तिला ठाऊक होतं आणि तेवढं ती चोख करत होती.

"निवेदनांची वेळ संपलेली आहे," अधिकारी म्हणाले.

डग अर्धवट उठून तिच्याजवळ आला. "सलग वाच," तो कुजबुजला. "मध्ये थांबू नकोस. ठीक आहे?"

"ठीक आहे," वल्लरी म्हणाली. तिला तसंच करायचं होतं, खरोखर. सलग वाचलं की तीन मिनिटांत संपलं असतं, रात्री खिचडी गरम करून खाता आली असती. तिने दुसरं नाव वाचलं. तिसऱ्यावर बोट गेलं. ओठ उघडले.

आणि तिने पुन्हा मान वर केली.

दुसऱ्या नावाची बाई उठली. "हिया."

डगने डोळे मिटले. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि स्टेनोग्राफरच्या कानाशी काही विचारलं. तिने मान हलवून हळू आवाजात उत्तर दिलं. यादी रेकॉर्डवर घ्यायची तर ती पूर्ण वाचायला हवी, आणि वाचत असताना खोलीत जे बोललं जाईल ते रेकॉर्डवर येणार, असं काहीसं. अधिकारी खुर्चीत मागे टेकले. "पुढे," ते म्हणाले.

तिसरं, चौथं, पाचवं. वल्लरी नाव घ्यायची, माणूस शोधायची, थांबायची. कुणी ताडकन उठत होतं, कुणाला दोघं मिळून उठवत होते. एका तरुण पोरीने मांडीवरचं बाळ शेजारणीकडे देऊन मग उत्तर दिलं. कुणी ओरडलं नाही, टाळी वाजली नाही. वल्लरीच्या पाठीवरून घाम ओघळत होता, आणि वहीची पानं बोटांना चिकटत होती. प्रत्येक नावाला तिला वाटे की आता बास, आता पुढची सलग वाचू. प्रत्येक नावाला तिची नजर आपोआप वर जाई.

सत्ताविसावं नाव आल्मा हॉलो बर्डचं होतं. पुढे लिहिलं होतं: व्हर्नाची शेजारीण, हसते छान. वल्लरीने नाव वाचलं आणि रांगांवरून नजर फिरवली. कुणी उठलं नाही. ती थांबली. स्टेनोग्राफरची बोटं वर राहिली.

"अनुपस्थित," अधिकारी म्हणाले. "पुढे."

"नाही, अनुपस्थित नाही." मधल्या रांगेतून पन्नाशीची एक बाई उठली. तिचे केस खांद्यावर वेडेवाकडे कापलेले होते. इथे दुःखात केस कापतात. "मी तिची मुलगी. आई टेकडीवर आहे. तिला नेऊन बारा दिवस झाले. तुमच्या नकाशातला सतरावा बोअर तिच्यापासून दीडशे पावलांवर आहे, मी मोजलंय." तिचा आवाज फुटला. "हिया. तिचंही, माझंही."

वल्लरीला सतरावा बोअर माहीत होता. नकाशावर तो ठिपका तिनेच ठेवला होता, उन्हाळ्यात, एसी ऑफिसात, चहाचा कप शेजारी घेऊन. तेव्हा तिथे नुसत्या समोच्च रेषा होत्या. तिने बाराखडी वाचणाऱ्या मुलासारखं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं, पण अक्षरं पाण्यात गेल्यासारखी दिसत होती. डोळे पुसून तिने अठ्ठाविसावं नाव वाचलं.

एकेचाळिसावी व्हर्ना होती. ती उठली नाही. बसल्या जागेवरूनच, पाणी हवं का विचारावं इतक्या साध्या आवाजात, तिने आपलं उत्तर दिलं. कळा टिकटिकल्या आणि थांबल्या.

यादी संपली. वल्लरीने वही मिटली. डग दाराशी गेला होता आणि फोन कानाला लावून बाहेर, पार्किंगकडे बघत होता. तो कुणाशी बोलत असेल ते तिला कळत होतं. हर्नडनला आता दुपार असेल. मनोहरकाका चिडणार नाहीत. ते फक्त म्हणतील, हे काय केलंस गं, आणि ते ऐकण्यापेक्षा त्यांनी चिडलेलं परवडलं असतं. यतीन या वेळी टपालपेटी उघडत असेल.

"एक मिनिट," स्टेनोग्राफर म्हणाली. "वाचणाऱ्याचं नाव लागेल मला. रेकॉर्डसाठी."

वल्लरीने डगच्या पाठीकडे पाहिलं. मग नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, एकेक इंग्रजी अक्षर सुटं करून. तिच्या नावाची अक्षरं कागदावर उमटल्याचा आवाज तिने ऐकला. आपलं नाव असं छापलं जाताना आवाज होतो, हे तिला आजवर माहीत नव्हतं.

तिने आता जायला हवं होतं. दार वीस पावलांवर होतं. पण हॉलमध्ये कुणी हललं नाही. खुर्ची वाजली नाही, कुणी खोकलं नाही. वेंडेलने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. आल्माची मुलगी तिच्याकडे पाहत होती, व्हर्ना पाहत होती. त्यांच्या नजरेत मागणं नव्हतं. ते नुसते थांबले होते, आणि घाई कुणालाच नव्हती.

 या खोलीत तिच्याइतकं कुणी घाबरलेलं नसेल असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं की तसं नसेल.

"मग बंद करू रेकॉर्ड?" स्टेनोग्राफरने विचारलं.

"थांबा, माझं उत्तर राहिलंय," वल्लरी म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला माईक जवळ ओढून घ्यावा लागला.